बाळाचे ‘दचकणे’ : दुर्लक्षू नये असा अपस्मार



पाच-सहा महिन्यांचे बाळ झोपेतून जागे होते. एकाएकी त्याची मान पुढे झुकते, दोन्ही हात फेकले जातात, अंग क्षणभर आखडते आणि सैल पडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे ओळीने दहा-वीस वेळा होते आणि बाळ रडू लागते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘दचकले असेल’, ‘पोटात कळ आली असेल’, ‘दृष्ट लागली असेल’. मग मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. त्यामागील माया खरी असते, पण त्या मायेत मोलाचे दिवस निघून जातात.

या विकाराचे नाव ‘वेस्ट सिंड्रोम’. दहा हजार जन्मांमागे सुमारे दोन ते पाच बालकांना तो होतो. म्हणजे दुर्मीळ खरा, पण बालवयातील अत्यंत गंभीर अपस्मारांपैकी एक. बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या वयात तो सुरू होतो. यात हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे असे फेफऱ्याचे परिचित रूप दिसत नाही. म्हणूनच तो ओळखला जात नाही. हळूहळू बाळाचे हसू मावळते, ते आईच्या नजरेला नजर देईनासे होते, सावरू लागलेली मान पुन्हा ढळू लागते.

१८४१ साली इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून या आजाराचे पहिले वर्णन केले. ते वर्णन त्यांच्या स्वतःच्या मुलाचे होते. ज्ञात असलेले सारे उपाय त्यांनी करून पाहिले आणि अखेर व्यवसायबंधूंकडे मार्गदर्शन मागितले. त्या वेळी कोणापाशीच उत्तर नव्हते. गुणकारी औषध १९५८ मध्ये गवसले, म्हणजे तब्बल ११७ वर्षांनी. त्या पित्यापाशी ओळख होती, औषध नव्हते. आज जिंतूर वा पालमच्या पित्यासाठी औषध आहे. उणीव आहे ती ओळखीची.

वस्तुतः ‘अपस्मार’ ही संज्ञा आपल्याच परंपरेची. चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्याला आपल्या पूर्वजांनी रोग मानून चिकित्सेचा विचार केला, त्याला आज ‘बाहेरची बाधा’ ठरवून मांत्रिकाकडे धाव घेणे हे परंपरेचे पालन नव्हे, परंपरेचे विस्मरण होय.

या आजाराची कारणे अनेक आहेत. काही जन्मजात व जनुकीय असतात. परंतु आपल्या देशात जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे आणि पहिल्या दिवसांत रक्तातील साखर घटणे ही मोठी कारणे आहेत. ती बऱ्याच अंशी टाळता येतात. प्रसूती रुग्णालयातच व्हावी आणि जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. पहिला चीक पिळून टाकून देण्याची आणि बाळाला मधाचे बोट चाटवण्याची प्रथा सोडलीच पाहिजे.

शंका आली तर काय करावे? पहिली गोष्ट, झटके येत असताना मोबाइलवर चित्रण करावे. दवाखान्यात बाळ शांत असते, तेव्हा ते चित्रणच डॉक्टरांना वाट दाखवते. दुसरी, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटून मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजेच ईईजी, काढण्याविषयी विचारावे. दचकणारे प्रत्येक बाळ आजारी नसते. निर्णय तपासणीनेच होतो. उपचारात एसीटीएचची इंजेक्शने, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन ही औषधे वापरतात. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावीत आणि मनाने बंद करू नयेत. प्रत्येक बालक पूर्ण बरे होतेच असे नाही. परंतु उपचार जितके लवकर, तितकी आशा अधिक.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून बालकांची तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत झटक्यांचे विकारही आहेत. मात्र पथक वर्षातून दोनदा येते. हा आजार तितका वेळ देत नाही. म्हणून थेट परभणीचे शासकीय रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांनी सुचविल्यास नांदेड वा छत्रपती संभाजीनगर येथे जावे.

येथेच समाजाचे काम सुरू होते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडील कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा औषधाची साखळी तुटू नये हे कोणी पाहायचे? जाण्या-येण्याच्या भाड्याची सोय कोणी करायची? आणि ‘पोर असे निघाले’ म्हणून आईला दोष देणारी जीभ कोणी आवरायची? वस्तीवस्तीत संपर्क असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने, प्रत्येक गृहिणीने हे दायित्व आपले मानावे. आपल्या वस्तीतील अंगणवाडी सेविका, आशाताई आणि सुईण यांना या आजाराची लक्षणे या महिन्यातच समजावून सांगावीत. त्यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. लागतो तो केवळ अर्धा तास.