कुंडीचं भोक उघडं आहे का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "आपल्या ग्रुपवर तूच सगळ्यात जास्त लिहितेस, तेव्हा त्याच्याबद्दलच बोल. पण दहा मिनिटांत आटप." शाळेत जास्त बोलते म्हणून मी वर्गाबाहेर उभी राहिले आहे. आज त्याच कारणासाठी हातात माईक दिलाय. सर, काळ बदलतो तो असा!

दहावीनंतर आपण पांगलो. चाळीस वर्षांनी मोबाइलवर पुन्हा भेटलो, तेव्हा पहिले दोन महिने नुसता दंगा होता. जुने फोटो, कोण कुणाला काय चिडवायचं, कुणाचे केस गेले. मग हळूहळू विषय संपले. राहिली ती फुलांच्या चित्रावरची सुप्रभातं आणि वाढदिवसाचे केक. आणि एका रात्री साडेनऊला एक प्रश्न आला : "कुकरमध्ये एक वाटी तांदळाला पाणी किती घालायचं?"

विचारणारा आपला शेवटच्या बाकावरचा मित्र. तो समोरच बसलाय, आणि त्याला विचारूनच मी हे सांगते आहे. त्याची बायको जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. आपल्यापैकी अनेकांना ते कळलंही नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही, फक्त पाणी विचारलं.

पाच मिनिटांत उत्तरांची झड लागली. पुण्याची मैत्रीण म्हणाली, एकास दोन. दुसरी म्हणाली, छे, एकास दीड, नाहीतर गचका होतो. कुणी म्हणालं, वाट्याबिट्या कशाला, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी. गोव्यातल्या मैत्रिणीनं लिहिलं, आमच्या उकड्या तांदळाला तर एवढं पाणी पुरायचंच नाही. चांगलं भांडण जुंपलं. शेवटी एकीनं विचारलं, "अरे, पण तांदूळ कुठला आणि नवा की जुना?" तिथे सगळे गप्प झाले. कारण सगळेच बरोबर होते, आपापल्या घरापुरते. नव्या तांदळात ओल असते, त्याला पाणी कमी लागतं. जुना तांदूळ पाणी पितो. आंबेमोहोर, इंद्रायणी चिकटच होणार, कोलम मोकळा होणार. त्यानं पिशवीचा फोटो टाकला, आपण उत्तर दिलं, आणि पावणेअकराला वाफाळत्या भाताचा फोटो आला. खाली दोनच शब्द होते : "जमला. जेवतो."

त्या दिवसापासून आपला ग्रुप खऱ्या अर्थानं सुरू झाला, असं मी मानते. मग थंडीत दही लागत नाही, हा प्रश्न आला. नागपूरची मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे मे महिन्यात चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबट होतं. न्यू जर्सीच्या मैत्रिणीनं सांगितलं, मी ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावते, त्याची ऊब पुरते. मी म्हटलं, दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट घ्या, विरजण नीट घोळा आणि भांडं पिठाच्या डब्यात ठेवा. एकाच दह्याच्या तीन गावच्या तीन तऱ्हा.

माझ्या कढीलिंबाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. पानं पिवळी पडून गळत होती. आंबट ताक घाला, असं अकरा जणांनी सांगितलं. मी घातलं. झाड आणखी मलूल झालं, वर मुंग्या आल्या. मग शेतीखात्यात नोकरी केलेल्या आपल्या मित्रानं एकच प्रश्न विचारला : "कुंडीचं भोक उघडं आहे का?" मी कुंडी आडवी करून पाहिली. भोक मुळांनी आणि चिखलानं पार बुजलेलं. पाणी आत साचून मुळं कुजत होती आणि मी त्यात वरून ताक ओतत होते! कुजकी मुळं कापली, तळाला खापऱ्या टाकल्या, मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालणं बंद केलं. दीड महिन्यानं फुटवा आला. अकरा जणांकडे उत्तर होतं, एकाकडे प्रश्न होता. झाड त्या प्रश्नानं वाचलं.

इथवर सगळं गोड आहे. आता जे सांगायचं ते गोड नाही, पण त्यासाठीच मी उभी राहायला तयार झाले.

एका सकाळी मला कुठून तरी एक युक्ती आली. न्हाणीघराच्या फरशीवरचे डाग घालवायचे असतील, तर ब्लीचिंग पावडर टाका आणि त्यावर संडास धुण्याचं ॲसिड ओता, फरशी आरशासारखी होते. मी ती करून पाहिली नव्हती. पूर्ण वाचलीही नव्हती. चहा उकळेपर्यंत अंगठ्यानं पुढे ढकलली, झालं.

त्या मित्रानं ती केली. घर आता त्यालाच सांभाळायचं होतं, आणि मुलगी सुट्टीला येणार म्हणून त्याला ते लख्ख हवं होतं. दार लोटलेलं, खिडकी बंद, आणि तो वाकून घासत होता. मिनिटाभरात डोळ्यांची आग, घसा आवळला, श्वास लागेना. कसाबसा बाहेर आला. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन रात्री त्याला ऑक्सिजनवर काढाव्या लागल्या.

सर, ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, हे तुम्ही आम्हाला याच इमारतीत शिकवलं होतं. हिरवट-पिवळा, उग्र वासाचा, हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. जड म्हणून तो खाली साचतो, आणि वाकून फरशी घासणाऱ्याच्या नाकातोंडात आधी जातो. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला तो हाच वायू. समीकरण मला पाठ होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. पण ते परीक्षेच्या कागदावर राहिलं. माझ्या अंगठ्यापर्यंत ते पोचलंच नाही.

मी त्याला भेटायला गेले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खोकत खोकत एवढंच म्हणाला, "अगं, दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर दोनदा विचार केला असता. तुझं नाव दिसलं, म्हणून केलं."

मित्रांनो, ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. आपण पाठवतो तो चार ओळींचा मजकूर असतो, पण समोरचा त्याखालचं नाव वाचतो. एका डब्यात जेवलेल्या, एका छत्रीतून घरी गेलेल्या माणसाचं नाव. अनोळखी माणसाचा सल्ला आपण पारखून घेतो. मैत्रिणीचा सरळ अमलात आणतो.

त्यानंतर आपण काही गोष्टी ठरवल्या. स्वतःच्या हातांनी केलेलंच सांगायचं. सांगताना गाव, भांडं आणि माप सांगायचं. बिघडलं असेल तर तेही सांगायचं, कारण फसलेली पुरणपोळी जमलेल्या पुरणपोळीपेक्षा जास्त शिकवते. आणि सल्ला देण्याआधी एक तरी प्रश्न विचारायचा. जास्वंदीवर पांढरी कीड आली की आता कुणी एकदम औषध सांगत नाही. आधी फोटो मागतात. पिठ्या ढेकूण असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, त्यात साबणाच्या द्रावणाचे थेंब, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं आणि आठवड्यानं पुन्हा, असं ज्यानं केलंय तो सांगतो.

आणि काही ठिकाणी घरगुती युक्ती चालवायचीच नाही. फरशीला किंवा संडासाला एका वेळी एकच द्रव्य, दुसरं कधी मिसळायचं नाही, आणि दारं-खिडक्या उघड्या. गॅसचा वास आला तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, बाहेर जायचं आणि 1906 ला फोन लावायचा.

आपला तो मित्र आता बरा आहे. परवा त्यानं कांदेपोह्यांवर लिहिलं. सुरुवात अशी होती : "चार वेळा बिघडले. पातळ पोहे भिजवत ठेवले होते, लगदा झाला. जाड घ्या, चाळणीत धुवा, निथळून दहा मिनिटं ठेवा." इतकं प्रामाणिक पाकशास्त्र मी कुठे वाचलेलं नाही. गेल्या महिन्यात त्याच्या एका विद्यार्थ्याची बदली नव्या गावी झाली. तोही एकटाच राहतो. त्यानं त्याला पहिला प्रश्न काय केला असेल? "तांदूळ कुठला घेतलायस, नवा की जुना?"

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. जेवायला जाण्यापूर्वी प्रत्येकानं तिच्यात एक गोष्ट लिहा. घरातली, बागेतली, स्वयंपाकातली, कुठलीही चालेल, पण स्वतः केलेली. खाली गावाचं नाव लिहा. आणि स्वतःचं नाव लिहिण्याआधी क्षणभर थांबा. कारण कुणीतरी ते नाव वाचून, दुसरं काहीही न पाहता, तसंच करणार आहे.