बरे वाटणे आणि बरे होणे



चामराजपेट १८९२ साली वसले. सहाच वर्षांनी, १८९८ मध्ये, बेंगळुरात प्लेग आला. तो ताप आणि गाठ घेऊन येई, त्यामुळे रोग्याला त्याची वर्दी मिळे. आज घरोघरी शिरलेले उच्च रक्तदाब आणि मधुमेह बहुधा अशी वर्दी देत नाहीत. शाळेच्या पहिल्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज पासष्टीच्या घरात आहेत. म्हणून हीरक महोत्सवात हा विषय अप्रस्तुत ठरू नये.

या विकारांत मोठा घात होतो तो निदानानंतर. गोळ्यांनी रक्तदाब १४०/९० च्या खाली येतो, रुग्णाला बरे वाटते आणि गोळी सुटते. दाब आटोक्यात असतो तो गोळीमुळे. विकार गेला म्हणून नव्हे. पुढे हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळे यांना त्याची किंमत मोजावी लागते.

२०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. तेथे भर महागड्या औषधांवर नव्हता. ठरावीक उपचारपद्धती, गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळ तपासणी आणि न फिरकलेल्या रुग्णाची चौकशी, या साध्या गोष्टींवर तो होता. घरालाही हेच जमण्यासारखे आहे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेकू द्यावा, पावले जमिनीवर ठेवावीत. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. मधुमेहात उपाशीपोटीच्या एका तपासणीवर विसंबू नये. एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. पाय रोज पाहावेत, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा. औषधाची मात्रा मात्र डॉक्टरांनीच बदलावी.

आपल्या शाळेची मुले देशोदेशी गेली आहेत, त्यांचे आईवडील इथेच आहेत. दूरध्वनीवर ‘जेवलात का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. त्याला ‘गोळी घेतलीत का?’ या प्रश्नाची जोड द्यावी. घरच्यांच्या अशा आठवणीने उपचारात खंड पडत नाही.