विद्यापीठांच्या सीमा आणि आमचे हॉकीचे मैदान
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पनागर येथे दिलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा भाषा किंवा संस्कृती असा एखादा विषय आम्ही घेऊ, अशी अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारे या सभागृहात पुष्कळ आहेत. आम्ही हॉकीविषयी बोलणार आहोत. आणि तेही खेळाविषयी थोडे, कोणी कोणाशी खेळावे हे कसे ठरते याविषयी अधिक.

जबलपूरला हॉकीचे गाव म्हणण्यास आधार आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघात मध्यप्रांताचे रेक्स नॉरिस आणि मायकेल रॉक हे दोघे होते. ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंह यांचा जन्मच जबलपूरचा. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेवर २४ गोल चढविले, त्यांतील १० त्यांचे. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिलांनी सुवर्णपदक जिंकले. कर्णधार पुण्याच्या एलायझा नेल्सन, आणि संघात जबलपूरच्या मधू यादव.

अशा गावातील कॉलेजांची हॉकी आज क्षीण का व्हावी? क्रिकेटला दोष देणे सोपे आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु आमच्या मते दुसरे एक कारण आहे, ज्याकडे कोणी पाहत नाही. ते विद्यापीठांच्या नकाशात आहे.

जुने रॉबर्टसन कॉलेज १८७३ साली सागरहून जबलपूरला आले. ते कलकत्ता विद्यापीठाचे होते, मग अलाहाबादचे झाले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा नागपूरचे. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५६ मध्ये जबलपूर विद्यापीठ. १९८३ पासून त्याला राणी दुर्गावतीचे नाव आहे. एक कॉलेज आणि त्याचे वारस यांनी पाच विद्यापीठे पाहिली. दरवेळी पदवीपत्रावरील शिक्का बदलला, हे सर्वांच्या ध्यानात राहिले. प्रतिस्पर्धी बदलले, हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. नागपूर विद्यापीठात असताना आपली मुले मॉरिस, हिस्लॉप आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजच्या पंक्तीत होती. ज्या वऱ्हाड-नागपूरकडे आपल्यापैकी अनेकांच्या सोयरिकी, त्यांच्याशीच मैदानावरही गाठ. सागर विद्यापीठ झाले आणि ती पंक्त उठली.

त्यानंतर घरातच वाटण्या सुरू झाल्या. १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ वेगळे झाले. पनागरहून जबलपूरला जाताना आधारतालला त्याचे आवार लागते. १९९८ मध्ये भोपाळला तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ निघाले व अभियांत्रिकी कॉलेज तिकडे गेले. २००९ मध्ये पशुवैद्यकाचे विद्यापीठ झाले, २०११ मध्ये वैद्यकीय. शिक्षणाच्या दृष्टीने हे सर्व योग्यच असेल. आम्ही त्या विषयातील तज्ज्ञ नव्हे. पण परिणाम पाहा. एकाच शहरात, सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर राहणारी ही मुले आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांसमोर उभी राहू शकत नाहीत, आणि विद्यापीठाच्या एका संघातून खेळू तर मुळीच शकत नाहीत. स्पर्धा बाद पद्धतीची. कॉलेजे कमी झाली की फेऱ्या कमी. पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाचे त्या स्पर्धेतील वर्ष साठ मिनिटांत संपते.

सर्वांत अलीकडचा घाव २०१९ चा. छिंदवाड्याला नवे विद्यापीठ झाले आणि छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हे जिल्हे जबलपूरच्या कक्षेतून गेले. आम्ही बी. ए. ला असताना संघ बालाघाटला जात असे तो नैनपूरवरून छोट्या लाईनने. त्या गाडीत काठ्या वरच्या फळीवर ठेवल्या की वळणावळणाला डोक्यावर पडत. सामना आम्ही बहुधा हरत असू, पण मुक्काम एखाद्या मराठी घरी आणि पिठलेभात ठरलेला. ती लाईन २०१५ मध्ये बंद झाली. आता तेथे ब्रॉडगेज आहे, प्रवास सुखाचा आहे. आणि जबलपूरच्या कॉलेजला आंतरमहाविद्यालयीन सामन्यासाठी बालाघाटला जाण्याचे कारण उरलेले नाही.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. तेथील हॉकी बर्फावरची. पण कॉलेजांचे गट असतात, त्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात, आणि वर्षाचे बरेचसे सामने गटातच होतात. २०१३ मध्ये मिशिगन, मिनेसोटा आदी सहा मोठ्या विद्यापीठांनी आपला गट मांडला आणि जुने गट विस्कटले. २०२१ मध्ये आणखी सात कॉलेजांनी आपला गट सोडून निराळी चूल मांडली. मागे राहिलेल्यांत अलाबामातील हंट्सव्हिलचे विद्यापीठ होते. त्याला कोणत्याच गटात जागा मिळेना, तेव्हा त्याच वर्षी त्याने आपला संघच स्थगित केला. तेथे कॉलेजे स्वतः गट निवडतात, येथे विधिमंडळ निवडते, एवढाच भेद. जोडीदार गेला की खेळ थांबतो, हे दोन्हीकडे सारखे.

विद्यापीठांच्या सीमा बदलणे आपल्या हाती नाही आणि आम्ही तशी मागणीही करीत नाही. परंतु निमंत्रितांचे सामने भरविण्यास कोणाच्या संलग्नतेची आडकाठी नसते. जबलपूर, बालाघाट, सिवनी आणि छिंदवाडा येथील एकेक कॉलेज, साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला तीन सामने निश्चित. मराठी मंडळाचा हॉकीशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यांना आम्ही एवढेच सांगू की बालाघाट-छिंदवाड्याकडील मराठी घरांत आपण लग्नकार्यास जातो, पण आपली तरुण मुले तेथील मुलांना नावानेही ओळखत नाहीत. संघ मात्र मराठी मुलांचेच असावेत असा आग्रह नको. आमच्या वेळी आमचा सेंटर हाफ गोंड होता आणि संघातील सर्वांत चांगला खेळाडू तोच होता.

चार संघांचा दोन रात्रींचा मुक्काम, प्रवास आणि पंचांचे मानधन यांचा अंदाज आम्ही काढला आहे. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून उरणारी रक्कम त्यास पुरी पडणार नाही. निम्म्याच्या आसपास येईल. तो कागद आम्ही आज खजिनदारांकडे दिला आहे. पुढील कार्यकारिणीत तो वाचला जावा, अशी विनंती आहे.