छावणीची शाळा कुणाची?

फौजेतून निवृत्त झालो आणि लखनौलाच राहिलो. त्यामुळे पुण्या-नाशिकचे नातेवाईक हमखास विचारतात, "तुमच्या कॅन्टोन्मेंटच्या शाळा म्हणजे आर्मीच्याच ना?" नाही हो. आर्मी पब्लिक स्कूल फौजींच्या मुलांसाठी, केंद्रीय विद्यालयं मुख्यतः बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. तिसरी शाळा असते छावणीच्या बाजारातल्या शिंप्याच्या, भाजीवाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलांची. ती चालवतं कॅन्टोन्मेंट बोर्ड. आपल्याकडे त्याला कटक मंडळ म्हणतात, इथे छावणी परिषद. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

बोर्ड म्हणजे एक छोटी नगरपालिकाच. पाणी, कचरा, दिवाबत्ती, दवाखाना, सगळं तिच्याकडे. 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याच्या 62 व्या कलमात तिची कर्तव्यं दिली आहेत. प्राथमिक शाळा काढणं, चालवणं किंवा त्यांना मदत करणं हे त्यातलंच एक. म्हणजे शाळा ही बोर्डाची मेहेरबानी नव्हे. अध्यक्ष असतो स्टेशन कमांडर, आणि रोजचा कारभार पाहतो मुख्य कार्यकारी अधिकारी. हा अधिकारी फौजी नसतो, संरक्षण संपदा सेवेतला मुलकी अधिकारी असतो. हे पुष्कळ फौजींनाही ठाऊक नसतं!

याचा फायदा काय? अंतर. शाळेचा नळ बिघडला तर शाळा, पाणीखातं आणि सही करणारा साहेब, सगळे एकाच छावणीत. लखनौ शहरात तसं नाही. उत्तर प्रदेशनं 1972 साली कायदा करून नगरपालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळा बेसिक शिक्षा परिषदेकडे, म्हणजे राज्याकडे घेतल्या. महाराष्ट्रात नगरपालिकेची शाळा हा शब्द अजून रुळलेला आहे, इथे तो जवळजवळ गेला. छावणीचा कायदा केंद्राचा, म्हणून छावणीची शाळा स्थानिक राहिली.

पण पैसा? छावणीतली बरीचशी जमीन संरक्षण खात्याची, आणि घटनेच्या 285 व्या कलमामुळे केंद्राच्या मालमत्तेवर घरपट्टी लावता येत नाही. त्याऐवजी सेवा शुल्क मिळतं, वर केंद्राचं अनुदान. दोन्हींची वाट बघावी लागते. बाजारातल्या घरपट्टीवर शाळा, दवाखाना आणि गटारं कशी चालणार? मास्तरांचा पगार तर दर महिन्याला द्यावाच लागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. लोकांनी निवडलेले सदस्य बोर्डात असायचे. 2015 नंतर निवडणूकच झाली नाही, 2023 मध्ये जाहीर झाली ती रद्द केली. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. पण समितीनं मागणी केली तर बोर्डात ती लावून धरणारा वॉर्डाचा माणूस कुठे आहे? मी फौजी, हुकमावर चाललेला माणूस. तरी सांगतो, हुकमानं शाळेला रंग लागतो, मूल शाळेत का येत नाही ते कळत नाही. ते गल्लीतल्या सदस्याला कळतं.

आता तर छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत घालायचं धोरण आहे. हिमाचलमधल्या योलपासून एप्रिल 2023 मध्ये सुरुवात झाली. विलीनीकरणाला माझा विरोध नाही. बाजारातल्या लोकांना घर बांधायला, दुरुस्त करायला किती कटकटी होतात ते मी पाहिलंय. पण घरांची, रस्त्यांची चर्चा होते, शाळेची होत नाही. देवळालीसारख्या ठिकाणी शाळा घ्यायला निदान पालिकेला शाळा चालवायची सवय तरी आहे. उत्तर प्रदेशात पालिकेकडे प्राथमिक शाळांचं काम जवळजवळ उरलेलं नाही. मग इमारत कुणाची, शिक्षकांची सेवा आणि पेन्शन कुणाकडे, आणि सहावीतल्या मुलीनं जूनमध्ये कुठल्या फाटकातून आत जायचं? हस्तांतराच्या कागदावर सह्या होण्याआधी पालकांच्या समितीनं हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि पोच घ्यावी. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर आम्ही काही निवृत्त मंडळी आहोत इथे.