चाळिशीनंतरची गाठ आणि तिचे भय



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही हितचिंतकांनी आम्हांस विचारले की, हा विषय चारचौघांत बोलावयाचा आहे काय? आमचे उत्तर असे की, तो चारचौघांत बोलला जात नाही, म्हणूनच तो या व्यासपीठावर आणला पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि स्त्रीपुरुषांच्या शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले. त्याबद्दल त्यांना खटले सोसावे लागले. आज खटला होत नाही, परंतु संकोच मात्र पुष्कळसा तसाच आहे. पाळी सुरू होताना आई किंवा मावशी मुलीला दोन शब्द सांगते. पाळी जाण्याच्या वेळी मात्र सांगणारे कोणीच नसते. सगळे घर जिच्याकडे विचारावयास येते, तिने कोणाला विचारावे?

या अवस्थेत आपल्याकडे दोन चुका सर्रास होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. जेथे भिण्याचे कारण नाही तेथे आपण घाबरून जातो, आणि जेथे खरोखर सावध झाले पाहिजे तेथे ‘वयाप्रमाणे होतेच’ म्हणून स्वस्थ बसतो. पहिल्या चुकीने निरोगी अवयव कापले जातात; दुसरीने रोग वाढू दिला जातो. हा फरक ओळखावा कसा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. गर्भाशयाच्या दोन बाजूंस बदामाएवढी दोन अंडाशये असतात. मुलगी जन्माला येते तेव्हा त्यांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि सबंध आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती अवघी चारशे-पाचशे. प्रत्येक महिन्याला बीजाभोवती पाण्याची एक इवलीशी पिशवी तयार होते, ती फुगते, फुटते आणि जिरते. म्हणजे पाण्याची गाठ होणे हे अंडाशयाचे नित्याचे कामच आहे! एखाद्या महिन्यात ती पिशवी फुटत नाही, अथवा फुटल्यावर पुन्हा भरते आणि वाढत राहते. तिलाच डॉक्टर ‘सिस्ट’ म्हणतात. अशा बहुतेक गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरून जातात.

पाळी जाण्याचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास, तर आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीस मानले जाते. बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे धरावयाचे. परंतु त्याच्या आधीची काही वर्षे मोठ्या गोंधळाची असतात. बीजांचा साठा संपत आलेला असतो, मेंदूतून येणारा हुकूम अधिक जोराचा होतो, आणि अंडाशय कधी त्याला ओ देते, कधी देत नाही. म्हणून पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी अडीच महिन्यांनी येते; कधी थेंबभर, कधी अंगावरून फार जाते. रात्री घामाने झोप मोडते, गरम वाफा येतात, चिडचिड होते. याच गोंधळात पाण्याच्या गाठीही होतात. हे सारे त्रासदायक आहे खरे, पण त्यातले पुष्कळसे रोग नव्हे. तो ऋतुपालट आहे.

आता ‘गाठ’ या शब्दाकडे वळू. आपल्या भाषेत हा शब्द फार ओढाताण सोसतो. पाण्याने भरलेल्या पिशवीला गाठ, गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या फायब्रॉइडलाही गाठ, आणि कर्करोगालाही गाठच! सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ लिहिलेले असते, घरी येईपर्यंत त्याची ‘गाठ’ होते, आणि शेजारीण समाचाराला येईपर्यंत त्याचा कॅन्सर झालेला असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, गाठ कसली? नुसत्या पाण्याची व पातळ भिंतीची आहे, की आत पडदे आणि भरीव भाग आहेत? एंडोमेट्रिओसिसमुळे जुने रक्त साचून होणारी ‘चॉकलेट सिस्ट’ निराळी. केस आणि दातसुद्धा आढळणारी ‘डर्मॉइड’ निराळी. या दोन्ही बहुधा कर्करोगाच्या नसतात, मात्र त्यांवर लक्ष ठेवावे लागते.

या विद्येचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८०९ सालच्या नाताळात अमेरिकेतील केंटकी प्रांतात, डॅनव्हिल या गावी इफ्रेम मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून अंडाशयाची दहा किलोंहून अधिक वजनाची गाठ काढली. बाई पंचेचाळिशी ओलांडलेल्या. आधीच्या डॉक्टरांना वाटले होते की, पोटी जुळे आहे. शस्त्रक्रियेसाठी त्या घोड्यावर बसून सुमारे साठ मैल आल्या. गुंगीचे औषध तेव्हा निघालेलेच नव्हते. तरी बाई वाचल्या, आणि पुढे बत्तीस वर्षे जगल्या. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे डॉक्टरांपाशी पोटातली गाठ ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे हाताची बोटे. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोट तपासण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका बाईंची हकिगत आहे. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून त्यांची आशा सोडण्यात आली होती. ध्वनिलहरींनी दाखवले की, ती अंडाशयाची प्रचंड पाण्याची गाठ आहे. ती काढली आणि बाई बऱ्या झाल्या.

ज्या यंत्राने एका स्त्रीला मृत्यूच्या भयातून सोडवले, त्याच यंत्राने आज हजारो स्त्रियांना भयात टाकले आहे, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. पूर्वी न कळता येऊन न कळता जाणारी तीन सेंटिमीटरची गाठ आता कागदावर उमटते. ती दिसली म्हणून ती काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीची साधी पाण्याची गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल व त्रास नसेल, तर ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या मते पुन्हा तपासण्याचीही सहसा गरज नसते. पाच ते सात असेल तर वर्षाने सोनोग्राफी. त्याहून मोठी असेल तर अधिक तपास वा शस्त्रक्रियेचा विचार. पाळी गेल्यानंतर मात्र हिशेब अधिक कडक असतो. तेव्हा लहान साध्या गाठीचीही रक्ततपासणी आणि चार-सहा महिन्यांनी फेरतपासणी करावी लागते.

रक्ततपासणी म्हणजे सीए-१२५. हा आकडा वाढला म्हणजे कर्करोग असे समजून कित्येक घरांत रडारड झालेली आम्ही पाहिली आहे. वस्तुतः फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा क्षय यांतही तो वाढतो. पाळी चालू असतानाही वाढतो. उलट अगदी आरंभीच्या कर्करोगात सुमारे निम्म्या स्त्रियांत तो वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन मोठा प्रयोग झाला. त्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, काही त्रास नसलेल्या सर्वसाधारण स्त्रियांची अशी सरसकट तपासणी केल्याने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा सीए-१२५ हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

साप साप म्हणून भुई धोपटण्याची आपली सवय किती महाग पडते, हे पाहावयास लांब जाण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने केली. सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कोयत्यावर उचल घेतलेली, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, फडावर ना आडोसा ना पाणी. अंगावर जाते म्हणून दवाखान्यात जावे, तर ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ हे ऐकून यावे. तेथे गरिबीने आणि भयाने मिळून ही शस्त्रक्रिया केली. पुढे २०२२ साली केंद्र सरकारने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक नियम केले, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते लागू करण्यास सर्व राज्यांना फर्मावले. नियम झाले हे बरे झाले, परंतु प्रश्न विचारणारी स्त्री नसेल तर नियम कागदावरच राहतो.

‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हे वाक्य आपण घरोघर ऐकतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही अकाली काढली, तर पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात अंगावर कोसळते. हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया कधीच करू नये असे आमचे म्हणणे नाही; पुष्कळांचे प्राण आणि संसार तिने वाचवले आहेत. परंतु सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. गाठ कसली आणि केवढी? थांबलो तर काय बिघडेल? औषधांनी, किंवा हॉर्मोन सोडणाऱ्या तांबीने रक्तस्राव आटोक्यात येईल काय? नुसती गाठ काढून अंडाशय ठेवता येईल काय? आणि काढलेला भाग तपासणीस पाठवणार ना? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आता दुसऱ्या चुकीकडे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले पाहिजे. दहांपैकी सुमारे नऊ जणींत कारण साधे निघते. पण दहावीचा गर्भाशयाचा कर्करोग लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. पंचेचाळिशीनंतर पाळी फार जात असेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासावा लागेल काय ते विचारावे. ओटीपोटात एका बाजूस एकाएकी असह्य कळ आणि उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेथे सकाळची वाट पाहू नये. पन्नाशीच्या सुमारास पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला लागणे हे महिन्यातून बहुतेक दिवस होऊ लागले, तर केवळ ‘गॅस’ म्हणून ओवा खात बसू नये. आई, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

शेवटचे दोन शब्द येथे बसलेल्या पुरुषांसाठी. घरातली स्त्री चिडते, रात्री उठून पंख्याखाली बसते, देवाच्या कामाला हात लावू की नको या विवंचनेत असते. तिला ‘तुझे नेहमीचेच’ असे म्हणू नका. तपासणीला तिच्याबरोबर जा, कागद सांभाळून ठेवा, आणि निर्णय तिला घेऊ द्या. एकदा ऐकून न पटले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयास खर्च येतो खरा. पण गेलेला अवयव कोणत्याच पैशाने परत येत नाही.

भगिनींनो, तुमच्या पोटातील गाठ साधी की बिकट हे डॉक्टर ठरवतील. पण जिभेवर बसलेली संकोचाची गाठ मात्र तुम्हीच सोडली पाहिजे. आज घरी गेल्यावर आपल्या बहिणीशी, जावेशी, मोठ्या झालेल्या मुलीशी या विषयावर दहा मिनिटे बोललात, तरी आमचे हे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.