जीपीएस, जेसीबी आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी हिशेबाचा भाग थोडा वाढवला आहे.)



विषयाचे नाव ऐकताच पुढच्या रांगेतील काही बुजुर्गांच्या भुवया वर गेल्या, हे मी इथून पाहिले. शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात जेसीबीचे काय काम, असा प्रश्न त्यांना पडला असेल. परंतु खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या आपल्या भागात जरा हिंडून पाहा. आखातात पंधरा-वीस वर्षे काढून परतलेला माणूस पूर्वी गाठीच्या पैशातून दुकान टाकी किंवा रिक्षा घेई. आता त्यांपैकी काहीजण बँकेचे कर्ज जोडून जेसीबी घेतात आणि ताशी भाड्याने देतात. घराचा पाया, बागेतला रस्ता, महामार्गाचे रुंदीकरण, कशाला म्हणून मशीन लागत नाही? २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात महापूर आला, त्यानंतर गाळ उपसायला हीच मशीन धावली. आणि या मशीनवर हेल्पर म्हणून, पुढे ऑपरेटर म्हणून कोण बसतो? तुमची आणि आमची मुले, काल-परवापर्यंत माझ्या वर्गात बसलेली. म्हणून हा विषय शाळेचाच आहे असे मी मानतो.

या धंद्यातले भांडण जुने आहे आणि ते तासाचे आहे. गिऱ्हाईक म्हणतो, मशीन पाच तास चालले. ऑपरेटर म्हणतो, सहा. मालक चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या साइटवर. खरे कोणाचे? मशीनला अवर मीटर असतो, पण तो वाचायचा कसा यावरूनही वाद. मीटरवर पूर्णांकानंतर एक दशांश असतो. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांत ५.७ चा फरक आला, तर अनेक माणसे त्याला पाच तास सात मिनिटे म्हणतात. वस्तुतः तो पाच तास बेचाळीस मिनिटे होय, कारण तासाचा दहावा भाग सहा मिनिटांचा. पाचवी-सहावीचे गणित! पण या पस्तीस मिनिटांवरून माणसे एकमेकांना लबाड म्हणतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हे भांडण मिटावे म्हणून आता मशीनवर जीपीएस बसवतात. वहीएवढेही मोठे नसलेले हे यंत्र मशीन कुठे आहे, चावी केव्हा फिरली, केव्हा बंद झाली, हे सारे मालकाच्या मोबाइलवर पाठवते. ऐकायला किती छान! पण दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. नावे सांगत नाही. माणसे आपल्यातलीच आहेत.

एक मालक, दोन मशीनचे धनी, संध्याकाळी माझ्या घरी आले. बरोबर त्यांचा ऑपरेटर, माझा जुना विद्यार्थी. दोघांची तोंडे दोन दिशांना. मालकांच्या हातात एक छापील कागद, सगळा इंग्रजीत. ते म्हणाले, "सर, हा मुलगा दिवसभर मशीन उभे करून झोपतो. बघा, कागदच सांगतो." त्या बोलीवर त्यांनी त्याचा दोन दिवसांचा पगार कापला होता. मुलगा एवढेच म्हणाला, "सर, मी अख्खा दिवस कातळ फोडला. चाचा म्हणतात मी झोपलो."

कागदावर लिहिले होते : चावी चालू ६ तास ५ मिनिटे, त्यांपैकी धाव ३० मिनिटे आणि 'आयडल' ५ तास ३५ मिनिटे. आयडल म्हणजे रिकामे, हा अर्थ मालकांना कोणीतरी सांगितला होता. शब्दशः तो चूकही नव्हता. पण जरा विचार करा. ते यंत्र मुळात ट्रकसाठी बनवलेले होते. ट्रक धावला तर काम, थांबला तर आराम. जेसीबीचे उलटे आहे. तो मागचे दोन जॅक जमिनीत रोवून, ब्रेकर लावून, एकाच जागी उभा राहून कातळ फोडतो. आकाशातून मोजले तर त्याची गती शून्य. जो माणूस सर्वांत जास्त राबतो, तोच त्या कागदावर सर्वांत आळशी दिसतो!

मी भूगोलाचा मास्तर, इंजिनिअर नव्हे. म्हणून मी आधी ऑपरेटरची डायरी मागितली. तिच्यात सकाळ-संध्याकाळचे मीटरचे आकडे त्याने लिहिले होते, फरक ५.७. म्हणजे इंजिन पाच तास बेचाळीस मिनिटे चालले. मग त्या दिवसाची डिझेलची पावती काढली. टाकी दोन्ही वेळा काठोकाठ भरलेली, मधला खप २८ लिटर. अठ्ठावीसला ५.७ ने भागा, तासाला जवळजवळ पाच लिटर. नुसते घरघरत उभे असलेले इंजिन इतके डिझेल पीत नाही. जोर लावला तरच पिते. मुलगा खरे बोलत होता. राहिला तेवीस मिनिटांचा फरक. इंजिन बंद, पण चावी चालू. ते का, असे विचारताच तो मान खाली घालून म्हणाला, "जेवताना मोबाइल चार्ज करत होतो." एवढाच त्याचा गुन्हा.

मालकांनी पैसे त्याच रात्री परत दिले, माफीही मागितली. पण मुलगा महिन्याभरात काम सोडून पुण्याकडे एका ठेकेदाराकडे गेला. शिवारभर झालेली बदनामी पगाराबरोबर परत येत नाही. आणि मला त्या रात्री झोप लागली नाही, त्याचे कारण वेगळे. या मुलाकडून अक्षांश-रेखांशाची व्याख्या मीच घोकून घेतली होती. त्याने ती न चुकता लिहिली आणि मी पूर्ण गुण दिले. पण त्याच अक्षांश-रेखांशांनी भरलेला कागद त्याच्यावर आरोप म्हणून आला, तेव्हा त्याला तो वाचता आला नाही.

म्हणून आता हे यंत्र काय करते ते सांगतो. विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

पुष्कळांचा समज असा की उपग्रह आपल्याकडे पाहत असतो. तसे नाही. जीपीएसचा उपग्रह कोणाला पाहत नाही. तो फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत राहतो, अजान जशी सर्वांसाठी एकच दिली जाते तशी. मशीनवरचे यंत्र ती ऐकते. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, येतो. थेट डोक्यावरच्या उपग्रहापासून निघाला तर त्याला सेकंदाचे सुमारे सदुसष्ट हजारांश लागतात. किती वेळ लागला यावरून अंतर निघते. तालुक्याचा नकाशा घ्या, तीन गावांवर कंपासचे टोक ठेवून तीन वर्तुळे काढा. तिन्ही जिथे मिळतात ती तुमची जागा. तत्त्व हेच. फक्त आकाशात वर्तुळांऐवजी गोल असतात आणि चौथा उपग्रहही लागतो, कारण आपल्या यंत्रातले घड्याळ साधे असते. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. चौथा उपग्रह ती चूक सुधारतो.

जागा कळली की यंत्रातले सिमकार्ड ती मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत मालकाकडे पाठवते. हे दुसरे काम, आणि ते उपग्रहाचे नव्हे. म्हणून घाटात रेंज गेली की मशीन मोबाइलवरून नाहीसे होते, आणि रेंज आली की साठवलेली माहिती एकदम येते. त्या अर्ध्या तासात ऑपरेटरला फोनवरून शिव्या देण्यात अर्थ नाही. तसेच दाट झाडीत किंवा पत्र्याच्या शेडखाली जागा काही मीटर सरकलेली दिसते. मशीन शेजाऱ्याच्या बागेत गेले असे समजू नये. कागदावर जे लांबलचक आकडे असतात त्यांत अक्षांशाचा चौथा दशांश एकाने बदलला तर जागा सुमारे अकरा मीटर बदलते. दशांश चिन्हापुढचे अंक कुठे कामाला येतात असे मुले मला विचारतात. ते इथे येतात.

ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. पहिला उपग्रह १९७८ साली गेला, १९९५ साली ती पूर्ण झाली. सामान्य माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम थोडा बिघडवलेला असे. मे २००० मध्ये ते बंद केले आणि मग व्यापारात तिचा उपयोग वाढला. आपल्या देशानेही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडून नाविक ही व्यवस्था उभी केली. यंत्रसामग्रीच्या धंद्यात जपानच्या कोमात्सु कंपनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे चोरलेल्या पोकलेननी एटीएम उखडण्याचे प्रकार घडत होते. मशीनवर जीपीएस बसवले आणि २००१ पासून कंपनी जपानमध्ये ते मशीनबरोबरच देऊ लागली. चोराला धरायला निघालेल्या यंत्राने पुढे मशीन किती तास चालले, तेल कधी बदलायचे, हेही सांगायला सुरुवात केली.

अशा सभांतून आपण अल्-बिरूनीचे नाव घेतो. एका डोंगरावरून क्षितिज किती अंशाने खाली दिसते ते मोजून त्याने हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची त्रिज्या काढली. नाव जरूर घ्यावे, पण पूर्वजांच्या नावावर आजचे बिल वसूल होत नाही. मला आणखी एक नाव सांगावेसे वाटते, विशेषतः मुलींना. ग्लॅडिस वेस्ट, १९३० साली व्हर्जिनियातील एका काळ्या शेतकरी कुटुंबात जन्मलेली. गणित शिकून १९५६ साली ती अमेरिकन नौदलाच्या संशोधन केंद्रात लागली. पृथ्वीचा नेमका आकार गणिताने बसवण्याचे तिचे काम जीपीएसच्या पायात आहे.

मुलींचे नाव काढले ते उगीच नाही. त्याच मालकांच्या घरी आता मशीनचा हिशेब त्यांची मुलगी पाहते. ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने यंत्र बसवणाऱ्याला पुन्हा बोलावले, बांधकामाच्या मशीनला चालणारे यंत्र घेतले आणि इंजिन खरोखर चालू आहे की नुसती चावी, हे वेगळे कळेल अशी वायर जोडून घेतली. रोज रात्री ती मोबाइलवरचा अहवाल, ऑपरेटरची डायरी आणि डिझेलची पावती शेजारी-शेजारी ठेवते. एकट्या अहवालावर तिचा विश्वास नाही, आणि तेच बरोबर.

पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आले की दुसरे मशीन दुपारच्या सुट्टीतही चालूच राहते. समजा, रोज दोन तास, पंचवीस दिवस, तासाला दोन लिटर. महिन्याला शंभर लिटर डिझेल हवेत. वडील नेहमीप्रमाणे ओरडायला निघाले. तिने आधी ऑपरेटरला विचारले. तो म्हणाला, बॅटरी उतरली आहे, एकदा बंद केले तर पुन्हा चालू होत नाही, म्हणून बंदच करत नाही. त्याने दोनदा सांगितलेही होते, कोणी ऐकले नव्हते. नवी बॅटरी घातली आणि ते डिझेल वाचले. आता दापोलीहून फोन आला की कोणते मशीन जवळ आहे, कोणाचे काम किती वाजता संपेल, हे ती घरबसल्या सांगते. पूर्वी खेडचे मशीन रिकामे उभे असताना चिपळूणचे मशीन घाट चढून जात असे. तेल बदलण्याचे तास भरत आले की तीच आठवण करते. तिने मला सांगितले, "सर, अब्बा पूर्वी मशीन मोजत होते, आता तास मोजतात."

मालक पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, यंत्र बसवले आहे हे ऑपरेटरला सांगा आणि त्याच्या कामाचा अहवाल त्यालाही दाखवा. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला मशीन थांबणार, रमजानमध्ये वेळ बदलणार, हिंदू ऑपरेटर शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणार. हे आधी ठरवून लिहून ठेवले तर त्या तासावरून कुरबुर होत नाही. दुसरी, तोच अहवाल गिऱ्हाईकालाही दाखवा, आपले तास कमी भरत असतील तेव्हासुद्धा. घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणाऱ्यांविषयी कुरआन शरीफात सूरा अल्-मुतफ्फिफीन आहे. तराजू गेला आणि मीटर आला, म्हणून तिचा विषय जुना झाला असे मला वाटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ऑपरेटर होण्यात काही कमीपणा नाही. मशीनवर जरूर बसा, पण दहावी अर्धवट टाकून बसू नका. दशांश, सरासरी, नकाशा आणि चार ओळींचे इंग्रजी एवढे तरी घेऊन बसा, म्हणजे कोणी कागद पुढे केला तर तुम्ही तो वाचून उत्तर द्याल.

त्या मालकांनी ट्रकचे ते पहिले यंत्र शाळेला दिले आहे. ते भूगोलाच्या खोलीत बॅटरीला जोडून ठेवले आहे आणि चालते. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे तासभर असतो. ज्या मुलांच्या घरी मशीन किंवा गाडी आहे त्यांनी आठवड्याची डायरी आणि डिझेलच्या पावत्या घेऊन यावे. ज्यांचे वडील किंवा भाऊ ऑपरेटर आहेत त्यांनी त्यांनाही बरोबर आणावे. तो जुना कागदही, नाव झाकून, भिंतीवर लावला आहे.