घराचे घरपण
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संस्थेच्या चालकांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहोत. आम्ही पडलो शाळामास्तर. मॅट्रिकपलीकडे आमची विद्या गेली नाही. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मूळ घरे आहेत. त्यांतील कित्येक घरांना आज कुलपे आहेत. गौरीगणपतीला दार उघडते, केर निघतो, आरत्या होतात आणि विसर्जन होताच पुन्हा कुलूप! जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला, मुंबई अधिक जवळ आली, आणि जमिनीला गिऱ्हाईक शोधण्याची गरज उरली नाही. तेच दाराशी येऊ लागले. विकावे की ठेवावे, हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी घर म्हणजे काय, याचा विचार करणे अवश्य आहे.

सातबाऱ्यावर नाव चढले अथवा घरपट्टीची पावती फाटली म्हणजे घर झाले, असे नव्हे. आमच्या मते भोवतालचा निसर्ग, घरातील माणसे आणि माणसाच्या हातून होणारी निर्मिती, या तिहींनी घराला घरपण येते.

आचार्य विनोबा भावे यांचेच उदाहरण पाहावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. त्यांच्या घरच्या फणसाची आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. फणस पिकला म्हणजे मातोश्री आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गरे पाठवीत, आणि मग घरच्या मुलांच्या हाती पडत. झाड अंगणातले, संस्कार आईचा. पुढे हाच बालक भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडला. त्या यात्रेचे मूळ गागोद्याच्या अंगणात होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत मिळावी, ही मातोश्रींची इच्छा होती. त्या १९१८ मध्ये निवर्तल्या; १९३० मध्ये विनोबांनी 'गीताई' रचावयास घेतली व १९३१ मध्ये ती पूर्ण केली. ज्याने तरुणपणीच घर सोडले, त्याने आईचे ऋण अशा रीतीने फेडले. घर सुटले, घरपण सुटले नाही.

दुसरे उदाहरण रोह्याचे. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण या गावी कुंडलिकेच्या परिसरात गेले. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले. १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु एवढ्या व्यापात बागेची आवड आणि काव्याची आवड त्यांनी सोडली नाही. 'मेघदूता'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला, संस्कृतात श्लोकरचना केली. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले, तेही आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात त्यातून. बंगले बदलले, शहरे बदलली. झाडे आणि श्लोक मात्र त्यांच्याबरोबर सर्वत्र गेले.

ही थोरांची उदाहरणे झाली. सामान्यांचे उदाहरण पाहावयाचे तर पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत जावे. तेथे गणेशमूर्तींचे काम वर्षभर चालते. कुणी माती मळतो, कुणी साच्यातून मूर्ती काढतो, बायामुली रंग देतात आणि डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडे असते. त्या पडवीत ऐसपैस जागा नसेल, पण तेथील मुलाला 'तुझे घर कोठे' असे विचारावे लागत नाही. त्याचा हात त्या घराच्या कामाला लागलेला असतो.

आता कोणी म्हणेल, पोटासाठी मुंबई-पुण्यास अथवा परदेशी गेलेल्यांनी काय करावे? त्यांना दोष देणे आम्हांस मान्य नाही. अडचणीपोटी घर विकणे हेही पाप नव्हे. परंतु अडचण नसताना, चार भावंडांचे चार मार्ग झाले म्हणून, एकमेकांशी न बोलता कागदावर सह्या करणे, ही मात्र दुःखाची गोष्ट आहे. कुलूप आधी माणसांच्या मनाला लागते, दाराला मागाहून.

म्हणून तीन सूचना नम्रपणे करतो. एक, सणाखेरीज वर्षातून एकदा तरी, शक्यतो आषाढात, मुलांना घेऊन मूळ गावी चार दिवस राहावे. लावणी चाललेली शेते आणि पागोळ्यांचे पाणी त्यांनी पाहावे. दोन, घरातील वृद्धांकडून कुळाची हकिगत, झाडांची, विहिरीची, शेतांची नावे एका वहीत उतरवून घ्यावी. वृद्ध गेल्यावर ती कोणत्याही कचेरीत मिळावयाची नाहीत. तीन, त्या घरात हातांनी काहीतरी करावे. मुलाने मातीचा गणपती करावा, मुलीने भिंतीवर चित्र काढावे, सुनेने सासूकडून पापडाचे पीठ मळण्याची रीत शिकावी आणि मुलानेही ती शिकण्यास हरकत नाही.

एवढे केल्यावर घर ठेवावे की विकावे, याचा निर्णय सर्व भावंडांनी एका ओटीवर बसून करावा. ठेवण्याचे ठरले तर उत्तमच. विकण्याचे ठरलेच, तर निदान अंगणातील फणसाच्या आठळ्या प्रत्येकाने घेऊन जाव्या आणि जेथे जागा मिळेल तेथे रुजवाव्या. त्या झाडाला फळ धरेल तेव्हा पहिले गरे शेजाऱ्याला द्यावे.